फलक आहे, केंद्र कुठे आहे? खान्देशातील छोटी महाविद्यालये आणि आपला विद्यार्थी

२०२६च्या जानेवारी महिन्यात उच्च शिक्षणातील जातिभेदाविषयी दोन बातम्या पाठोपाठ आल्या. १३ जानेवारीला विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांमधील समतेविषयीचे नवे नियम अधिसूचित केले आणि २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. मधल्या पंधरवड्यात या नियमांच्या विरोधात खुल्या प्रवर्गातील विद्यार्थी रस्त्यावर आले, वाहिन्यांवर भांडणे झाली, समाजमाध्यमांवर आपल्या पोरांनीही तावातावाने उत्तरे दिली. स्थगिती आली आणि सगळे शांत झाले.

चर्चा सगळी दिल्ली-लखनौची होती. पण हे नियम ज्या याचिकेतून आले ती याचिका दोन आयांनी केली होती. एक रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला आणि दुसरी डॉ. पायल तडवीची आई आबेदा तडवी. पायल आपल्या जळगाव जिल्ह्याची. तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायला मुंबईत गेलेली मुलगी. २२ मे २०१९ला तिचा मृत्यू झाला. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर आहे आणि खटला सुरू आहे. त्याच वर्षी या दोन आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. म्हणजे देशभर गाजलेल्या या प्रश्नाची एक मुळी खान्देशच्या मातीत आहे. तरीही चोपड्याच्या, साक्रीच्या किंवा पारोळ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेल्या आपल्या पोरापोरीला या नियमांचा काय उपयोग होणार होता आणि स्थगितीने त्यांचे काय गेले, हे कोणी विचारले नाही. आम्हाला ते विचारायचे आहे.

आधी आकडे पाहू. आयोगाकडे आलेल्या माहितीनुसार जातिभेदाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ३७८ झाल्या. वाढ दुपटीहून अधिक. सगळ्या बातम्यांचा मथळा हाच होता. आमचे लक्ष मात्र दुसऱ्या आकड्याकडे गेले. ही माहिती ७०४ विद्यापीठांकडून आणि १,५५३ महाविद्यालयांकडून आली होती. देशात महाविद्यालये आहेत ४५ हजारांवर. म्हणजे तीस महाविद्यालयांमागे जेमतेम एकाची नोंद. बाकीच्या एकोणतीसांत काय चालते? तिथे भेदभाव नाही असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. तिथे तक्रार लिहून घेणारे कोणी नाही, एवढेच आपल्याला माहीत आहे. आणि खान्देशातील बहुतेक महाविद्यालये या एकोणतीसांसारखीच आहेत. तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कला आणि वाणिज्य, कुठे जोडीला विज्ञान, आणि बसची वेळ झाली की रिकामी होणारी.

छोट्या कॉलेजाचे एक वैशिष्ट्य लक्षात घेतले पाहिजे. मोठ्या विद्यापीठात विद्यार्थी गर्दीत हरवतो. छोट्या कॉलेजात तो हरवू शकत नाही. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारते, ‘कोन्ता गावना रे तू?’ गाव सांगितले की आडनाव विचारतात, आणि आडनावावरून कळले नाही तर गावातले घर कुठल्या बाजूला हे विचारतात. गावाबाहेरची वस्ती सांगितली की पुढचे प्रश्न थांबतात. यात प्रत्येक वेळी कोणाच्या मनात वाईट असते असे नाही. खान्देशात माणसाची ओळख करून घ्यायची ही जुनी रीतच आहे. पण त्या रीतीचा भार कोणावर पडतो हे ज्याच्यावर पडतो त्यालाच कळते. विचारणाऱ्याला फक्त गाव कळते. सांगणारा त्या दिवसापासून कोणत्या बाकावर बसायचे हे ठरवतो.

मग वर्गात शिपाई शिष्यवृत्तीची यादी घेऊन येतो. प्राध्यापक नावे वाचतात. ‘या सगळ्यांनी ऑफिसात जातीचा दाखला जमा करा.’ सहा-सात पोरे उभी राहतात आणि अख्खा वर्ग मागे वळून पाहतो. आम्ही बरीच वर्षे हे साधे कार्यालयीन काम समजत होतो. आयोगाच्या २०१२च्या नियमांनी मात्र वर्गात विद्यार्थ्यांच्या जातीची जाहीर घोषणा करणे, ‘राखीव’ असा शिक्का मारून बोलणे, कमी गुणांचा संबंध जातीशी जोडणे हे सगळे भेदभावाच्या व्याख्येत बसवले आहे. हे नियम होऊन १४ वर्षे झाली. सर्वोच्च न्यायालयाने नव्या नियमांना स्थगिती देताना हेच जुने नियम लागू राहतील असे सांगितले. म्हणजे आजच्या घडीला प्रत्येक महाविद्यालयात समान संधी कक्ष असलाच पाहिजे आणि भेदभाव प्रतिबंधक अधिकारी नेमलेला असलाच पाहिजे. त्यासाठी नव्या नियमांची वाट पाहायची गरज नाही.

वास्तव काय आहे? अनेक कॉलेजांत नॅकची समिती यायच्या आधी कक्षांचे फलक रंगवले जातात. तक्रार निवारण, रॅगिंगविरोध, समान संधी, महिला सुरक्षा, सगळे एका रांगेत. कक्षाचे प्रमुख म्हणून ज्यांचे नाव असते त्या प्राध्यापकांनाच कधी कधी आपण प्रमुख आहोत हे आठवत नाही. आम्ही हे उपहासाने लिहीत नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे, दोन-दोन कॉलेजांत पळणारे प्राध्यापक या कक्षांवर नेमले जातात. त्यांची स्वतःची नोकरी संस्थाचालकांच्या मर्जीवर असते. ते संस्थेच्या विरोधात एका पहिल्या वर्षाच्या पोराची बाजू कशी घेतील?

नव्या नियमांत याचा थोडा विचार होता. ज्या महाविद्यालयात केंद्रासाठी पाच प्राध्यापकही नाहीत, तिथे ते काम संलग्न विद्यापीठाच्या समान संधी केंद्राने करायचे होते. समितीत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि महिला यांचे प्रतिनिधी हवे होते. तक्रार आल्यावर २४ तासांत समितीने बसायचे होते. तक्रार संस्थेच्या बाहेर जाण्याची वाट असणे ही छोट्या कॉलेजासाठी खरोखर मोठी गोष्ट होती. पण जमिनीवर पाहिले तर विद्यापीठ जळगावला, बांभोरीजवळ. साक्रीच्या पोरीला आधी धुळे गाठायचे, मग तिथून जळगावची गाडी. एक दिवस जायला-यायला, घरी सांगायचे काय हा प्रश्न वेगळाच. म्हणून स्थगिती उठली काय आणि न उठली काय, अंतराचा प्रश्न राहणारच आहे. त्याचे उत्तर कॉलेजच्या आवारातच तयार करावे लागेल, आणि ते आपल्यालाच करावे लागेल.

इथे खान्देशची वेगळी अडचण सांगितली पाहिजे. मराठवाड्यात बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली आणि खेड्यातून आलेल्या पोरांना तिथे पहिल्या दिवसापासून आपली माणसे भेटली. त्या वातावरणातून लेखक, प्राध्यापक, कार्यकर्ते घडले; गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ त्याच परिसरात रुजले. विदर्भात दीक्षाभूमी आहे, संख्या आहे, शहरातल्या वस्त्यांचे बळ आहे. खान्देशच्या वाट्याला नागसेनवन आले नाही. आपली संख्या इथे तुलनेने कमी आणि विखुरलेली. गावागावात दहा-वीस घरे. कॉलेजात आपण एका वर्गात तीन, फार तर सात. बौद्ध मुलगी असेल तर अनेकदा एकटीच.

एकटे असण्याचा अनुभव बाबासाहेबांना नवा नव्हता. एल्फिन्स्टन कॉलेजात ते शिकत असताना तिथला हॉटेलवाला त्यांना चहा देत नसे, पाणीही देत नसे, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. त्याच कॉलेजातल्या प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके आणि कपडे दिले. बडोद्याची शिष्यवृत्ती महिना २५ रुपये. पुढे कोलंबियात त्यांना नवल भथेना भेटले आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. एक प्राध्यापक आणि एक मित्र, एवढा आधार. तो आधार मिळाला नसता तर काय झाले असते, याची कल्पना आपण करतो. पण आपल्या तालुक्याच्या कॉलेजात आज जो पोरगा एकटा बसतो, त्याच्यासाठी तो प्राध्यापक आणि तो मित्र कोण, हा प्रश्न आपण आपल्या बैठकांत घेत नाही.

बाबासाहेबांनी तो घेतला होता. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, ४ जानेवारी १९२५ला, सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू झाले. सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि चक्क हॉकी क्लबही चालवला. आम्हाला हा हॉकी क्लब फार महत्त्वाचा वाटतो. चळवळीच्या पहिल्या वर्षातच, पैशांची एवढी ओढाताण असताना, खेळावर खर्च का केला असेल? कारण संध्याकाळी तरुणाने कुठे जायचे, कोणाबरोबर उभे राहायचे, हाही संघटनेचाच प्रश्न आहे हे त्यांना दिसत होते. खान्देशातही अशी उदाहरणे आहेत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पोरांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक म्हणजे रोज! त्यात नाव यावे म्हणून पोरे रोज काहीतरी लिहीत असणार. गुरुजींचा मार्ग आणि आपला मार्ग एक नाही, पण त्यांची ही युक्ती घेण्यासारखी आहे.

आपलेपणा म्हणजे कोणी येऊन पाठीवर हात ठेवणे असे आपण समजतो. आमच्या अनुभवात तो कामातून येतो. तास संपल्यावर कॉलेजात थांबायला कारण असले की विद्यार्थी थांबतो, आणि थांबला की त्याला माणसे भेटतात. ग्रंथालयात पुस्तके लावायची असोत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात खड्डे खणायचे असोत, विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवासाठी एकांकिका बसवायची असो, की ‘आविष्कार’साठी प्रकल्प तयार करायचा असो. आपली पोरे यात का दिसत नाहीत? गातात तर ती सुंदर. जयंतीला वस्तीत रात्रभर भीमगीते गाणारा पोरगा कॉलेजच्या गायनाच्या चाचणीला जात नाही. त्याला विचारले तर म्हणतो, ‘तिथं त्यांचंच असतं सगळं.’ काही अंशी ते खरे आहे. काही अंशी त्याने जाऊन पाहिलेलेच नसते.

आणि बसचेही पाहिले पाहिजे. आपल्यातल्या बहुसंख्य पोरांचे कॉलेज जीवन एस.टी.च्या वेळापत्रकाने ठरते. शेवटची सोयीची गाडी दुपारी निघून गेली तर मुलीला घरी ओरडा बसतो, पोराला शेतमजुरीचा अर्धा दिवस बुडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तर वर्ग निम्मे रिकामे असतात. तालुक्याच्या गावात खोली घेऊन राहायचे तर पैसे हवेत, आणि पैसे असले तरी घरमालक आडनाव विचारतो. सामाजिक न्याय विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना याचसाठी आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शिकण्याच्या ठिकाणानुसार वर्षाला ठरलेली रक्कम मिळते, आणि योजना तालुक्यापर्यंत नेल्यावर तिथे शिकणाऱ्यांना ३८ हजार रुपये. हप्ते उशिरा येतात ही तक्रार सगळीकडे आहे आणि ती रास्त आहे. पण त्याआधीची तक्रार आपल्या घरातली आहे. बारावीनंतर तालुक्यात शिकणाऱ्या किती पोरांना हे माहीत आहे की ती या योजनेला पात्र असू शकतात? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे हे पोरांना माहीत असते. स्वाधारचे नाव घेतले की ‘ते पुण्याच्या पोरांसाठी असतं ना?’ असा प्रश्न येतो.

ही माहिती कॉलेजचे ऑफिस देईल अशी अपेक्षा चुकीची नाही. पण ती जयंती मंडळाकडून का मिळू नये? इथे आम्हाला आपल्याच लोकांशी स्पष्ट बोलायचे आहे.

एप्रिलमध्ये प्रत्येक वस्तीत वर्गणी जमते. डी.जे., कमानी, पोस्टर. पोस्टरवर नेत्यांचे फोटो वर, पोरांचे फोटो खाली, बोटाच्या पेराएवढे. त्या खालच्या फोटोंतली निम्मी पोरे कॉलेजात असतात. वर्षातले दोन आठवडे ती मंडळाची ‘युवा शक्ती’ असतात आणि बाकीचे पन्नास आठवडे त्यांचे काय चालले आहे याची मंडळाला खबर नसते. कोणाची शिष्यवृत्ती अडली, कोणाने पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडले, कोणत्या पोरीचे लग्न दुसऱ्या वर्षातच ठरले, याची नोंद कुठेही नाही. विद्यार्थी संघटना आपल्याकडे आहेत, पण त्यांची ताकद जिल्ह्याच्या ठिकाणी. तालुक्याच्या कॉलेजात त्यांचा फलक लागतो तो नेता येणार असेल तेव्हा. आणि फलक लागला की कोणत्या गटाचा यावरून आपल्याच सात पोरांत दोन तुकडे पडतात. मोठ्यांच्या पक्षांतली फाटाफूट कॉलेजच्या कट्ट्यावर उतरवू नका, एवढी एक गोष्ट जरी ज्येष्ठांनी पाळली तरी उपकार होतील.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. घरातली मोठी माणसे म्हणतात, चळवळीच्या नादी लागू नको, अभ्यास कर, एम.पी.एस.सी. कर, नोकरी लाग, मग समाजाचे बघ. या बोलण्यामागे अनुभव आहे. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात मोर्चे काढले त्यांतल्या अनेकांची शिक्षणे अर्धवट राहिली आणि घरे उघडी पडली. त्यांची काळजी खोटी नाही. शिवाय छोट्या कॉलेजात अंतर्गत गुण त्याच प्राध्यापकांच्या हातात असतात ज्यांच्याविरुद्ध बोलायचे असते. तरीही आम्हाला वाटते की अभ्यास आणि सहभाग यांना एकमेकांसमोर उभे करणे चूक आहे. जे पोर कॉलेजात कोणालाही ओळखत नाही ते आधी तासांना येणे बंद करते, मग परीक्षेला, मग सुरतला कामाला जाते. त्याला नोट्स द्यायला कोणी नसते, फॉर्मची शेवटची तारीख सांगायला कोणी नसते. सहभाग हा त्याच्यासाठी शिक्षणात टिकून राहण्याचा उपाय आहे.

कायद्याने दिलेली एक जागा आपण जवळजवळ विसरलो आहोत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थी परिषदेची तरतूद आहे. तीत अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांच्यातून आळीपाळीने एक राखीव प्रतिनिधी निवडून द्यायचा आहे. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थ्याचा खून झाल्यानंतर राज्यात या निवडणुका बंद पडल्या होत्या. नव्या कायद्याने त्या परत आणल्या. २०१९ मध्ये त्या होणार असे जाहीर झाले, विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या, मग कोरोना आला आणि विषय मागे पडला. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत मतदान करणारी अठरा वर्षांची मुलगी आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नाही. या राखीव प्रतिनिधीच्या जागेसाठी आपल्या संघटनांनी किती निवेदने दिली? नावे बदलण्याच्या मागण्यांसाठी आपण रस्त्यावर उतरतो आणि ते योग्यच आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, आसोद्याच्या मातीतल्या, शाळा न शिकलेल्या कवयित्रीचे. त्याचा आम्हालाही आनंद आहे. त्या नावाच्या विद्यापीठातल्या मुलींना परिषदेत बसायला खुर्ची मिळावी, हीही मागणी तेवढ्याच जोराने व्हायला हवी.

नव्या शैक्षणिक धोरणाविषयी आपल्यात रास्त शंका आहेत. भारतीय ज्ञानप्रणालीच्या नावाखाली काय शिकवले जाईल यावर लक्ष ठेवलेच पाहिजे. पण २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत जो नवा आराखडा आला, त्यात क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग प्रकल्प आणि सहशैक्षणिक उपक्रम यांना श्रेयांक आहेत. बहुतेक ठिकाणी पोरे इंटरनेटवरून उतरवून फाइल जमा करतात. त्याऐवजी आपल्या विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीवर, विहाराच्या वाचनालयावर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांच्या शाळेवर प्रकल्प करावा. ज्या वस्तीचे नाव सांगायला तो पहिल्या आठवड्यात कचरत होता, त्याच वस्तीवर तो वर्गासमोर उभा राहून बोलेल आणि त्याला गुण मिळतील. चाळीसगावच्या पोरांना तर पितळखोऱ्याची लेणी हाकेच्या अंतरावर आहेत. इसवीसनापूर्वीच्या बौद्ध लेण्यांवर इतिहासाचा प्रकल्प करायला त्यांना कोणी सांगत नसेल तर त्यांनी स्वतःहून मागावा.

एक सूचना मात्र आग्रहाने करतो. जिथे आपण सात आहोत तिथे फक्त सात जणांचा गट करू नका. धुळे जिल्ह्यात सुमारे तीस टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. शिरपूर-साक्रीच्या कॉलेजात भिल्ल, पावरा, कोकणी पोरे मोठ्या संख्येने असतात. यावल-रावेर-चोपड्यात तडवी आहेत. शिष्यवृत्तीच्या यादीत ती आपल्याबरोबरच उभी राहतात, वर्ग त्यांच्याकडेही तसाच वळून पाहतो. पायल त्यांच्यातली होती, आणि तिच्या आईने रोहितच्या आईचा हात धरला तेव्हा मध्ये हैदराबाद आणि जळगाव एवढे अंतर होते. आपल्या आणि त्यांच्या बाकात तर दोन फुटांचे अंतर आहे. गटाचे नाव काय ठेवायचे यावर महिनाभर वाद घालू नका. वाचन मंडळ म्हणा, अभ्यास गट म्हणा. हैदराबादला आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन, चेन्नईच्या आय.आय.टी.त आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कल उभे राहिले, ती मोठी नावे आहेत. तालुक्याच्या कॉलेजात आठवड्यातून एकदा, गाडीच्या आधीचा एक तास, ग्रंथालयाच्या मागच्या टेबलावर बसून संविधानाचे एक कलम वाचले तरी सुरुवात होते. आणि ओबीसी, मराठा, मुस्लिम पोरांपैकी कोणी येऊन बसला तर त्याला आडनाव विचारू नका.

ज्या कॉलेजात समान संधी कक्षाविषयी कोणी काही सांगत नाही, तिथे एक साधा अर्ज करता येतो. अनुदानित महाविद्यालयांना माहिती अधिकार कायदा लागू आहे. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत. विचारायचे एवढेच: २०१२च्या नियमांनुसार भेदभाव प्रतिबंधक अधिकारी कोण, नेमणूक कोणत्या तारखेची, कक्षाच्या बैठकांचे इतिवृत्त द्या. विद्यार्थ्याने स्वतःच्या नावाने हा अर्ज करू नये असे आमचे मत आहे. पोराला परीक्षेच्या तोंडावर अडचणीत टाकायचे कारण नाही. हे काम गावातल्या माजी विद्यार्थ्याने, वकिलाने, निवृत्त शिक्षकाने करावे. भारतीय बौद्ध महासभेच्या तालुका शाखांत असे निवृत्त शिक्षक भरपूर आहेत. वर्षावासातल्या प्रवचनांच्या जोडीला त्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाला एक अर्ज टाकला तर पावसाळा संपायच्या आत दोन्ही जिल्ह्यांचे चित्र आपल्या हातात येईल. ते आले की ते या पानावर छापायची जबाबदारी आमची.

आणि जागा शोधत बसायची गरज नाही. १९३७ मध्ये बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे भीमस्मृती यात्रा भरते. धुळे, जळगाव, नंदुरबार, नाशिकहून माणसे येतात. पुस्तकांचे, फोटोंचे, निळ्या झेंड्यांचे स्टॉल लागतात, भाषणे होतात, भीमगीते होतात. जुलैअखेर म्हणजे कॉलेजचे प्रवेश आटोपत आलेले आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची धावपळ तोंडावर आलेली. यंदा त्या स्टॉलांच्या रांगेत एक टेबल विद्यार्थ्यांचे असावे. त्यावर स्वाधार आणि शिष्यवृत्तीची माहिती, लागणाऱ्या कागदपत्रांची यादी, एक लॅपटॉप आणि एक वही. वहीत पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाने आपले कॉलेज आणि गाव लिहायचे, आणि त्याच कॉलेजात आधीपासून शिकणाऱ्या कोणाची तरी तिथेच गाठ घालून द्यायची. टेबलामागे बसायला चार-पाच जण लागतील. ज्यांना बसायचे आहे त्यांनी जूनमध्येच आपापल्या तालुक्याच्या शाखेशी बोलून ठेवावे, कारण यात्रेच्या आदल्या दिवशी जागा मिळत नाही.